पाणी 'आहे' आणि पाणी 'असू शकतं'

ऑगस्ट २०२४ मध्ये मंगळाबद्दलची एक बातमी सगळीकडे फिरली. मंगळाच्या पोटात महासागर भरेल इतकं पाणी सापडलं, अशा अर्थाची. चालू घडामोडींच्या नोट्समध्येही ती एका ओळीत जाऊन बसली. त्या ओळीतला 'सापडलं' हा शब्द मला तेव्हापासून खटकतोय. म्हणून आज बातमीवर नाही, तर बातमी ज्या पेपरवरून आली त्या पेपरवर लिहिते आहे.

पेपर लिहिणारे तिघं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या स्क्रिप्स संस्थेतले वशन राइट आणि मॅथियस मॉर्झफेल्ड, आणि बर्कलीचे मायकल मांगा. जर्नल पीएनएएस. शीर्षकाचा मराठीत अर्थ होतो, 'मंगळाच्या मध्यकवचातलं द्रवरूप पाणी'. त्यात 'कदाचित' नाही, प्रश्नचिन्ह नाही. पेपरच्या पोटात मात्र भाषा वेगळी आहे. हाती असलेल्या मोजमापांचं सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण पाण्याने भरलेल्या भेगाळ अग्निजन्य खडकाने होतं, असं तिथे म्हटलंय. आणि इनसाइट यान उतरलं ती जागा सगळ्या मंगळाची प्रतिनिधी मानली, तर ते पाणी ग्रहभर पसरल्यावर एक ते दोन किलोमीटर खोलीचं होईल. 'सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण' आणि 'प्रतिनिधी मानली तर' या दोन अटी शीर्षकातून गळल्या आणि बातमीपर्यंत काही पोचल्या नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकते. पेपर चांगला आहे, त्याची पद्धत शिकण्यासारखी आहे, आणि त्याचं शीर्षक त्याच्या पुराव्यापेक्षा मोठं आहे. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेट-सेटची तयारी करताय आणि उद्या कुणाच्या तरी लॅबमध्ये बसून असेच पेपर वाचणार आहात, त्यांच्यासाठी हा फरक कसा पकडायचा ते सविस्तर लिहिते.

आधी मोजलं काय ते बघू. इनसाइट २६ नोव्हेंबर २०१८ ला मंगळाच्या एलिसियम प्लॅनिशिया नावाच्या सपाट प्रदेशात उतरलं. रोव्हरसारखं ते फिरत नव्हतं. एका जागी बसून त्याने जमिनीवर एक भूकंपमापक ठेवला आणि ऐकत राहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये सौर पॅनेलवर धूळ साचून त्याची वीज संपली, तोवर त्याने १,३०० हून जास्त मंगळकंप टिपले. त्यातला सगळ्यात मोठा ४ मे २०२२ चा, ४.७ तीव्रतेचा. एका यंत्रावर एवढं काम म्हणजे कमालच.

लहरी वेगवेगळ्या थरांतून जाताना वळतात, परततात, उशिरा पोचतात. त्यावरून कवचाचे थर आणि प्रत्येक थरातला लहरींचा वेग काढता येतो. या पेपरने ज्या थरावर बोट ठेवलं तो साधारण ११.५ ते २० किलोमीटर खोलीचा. तिथे पी लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ४.१ किलोमीटर, एस लहरीचा सुमारे २.५ किलोमीटर, आणि घनता घनमीटरला सुमारे २,६०० किलो धरली आहे. आपल्याकडच्या घट्ट काळ्या पाषाणाशी तुलना केली तर हे आकडे बरेच कमी आहेत. घट्ट बेसाल्टमध्ये पी लहर सेकंदाला साधारण सहा किलोमीटरने जाते. म्हणजे मंगळाचा तो थर घट्ट नाही, त्यात पोकळी आहे. इथपर्यंत फारसा वाद नाही. (घनतेबद्दल मात्र एक टीप मनात ठेवा. भूकंपमापक घनता थेट मोजत नाही. ती वेगळ्या वाटेने काढावी लागते.)

पोकळी आहे हे मान्य. तिच्यात आहे काय?

बोअर मारणाऱ्या गाडीजवळ उभं राहिलेल्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. खडक फुटलेला लागला म्हणजे पाणी लागलंच असं नसतं. फुटलेल्या खडकातून नुसता धुराळाही वर येतो. भेग ही पाण्याला जागा आहे, पाण्याचा पुरावा नाही. राइट आणि त्यांचे सहकारी हे जाणतात, म्हणून त्यांनी पोकळीत वायू किती, पाणी किती, अशा असंख्य जोड्या संगणकाला करून बघायला लावल्या आणि कोणत्या जोड्या मोजलेल्या वेगांशी जुळतात ते पाहिलं. तत्त्व असं: भेगेत वायूऐवजी पाणी भरलं की खडक दाबायला कठीण होतो, म्हणून पी लहरीचा वेग वाढतो. एस लहर खडकाला बाजूला सरकवते, आणि पाण्याला सरकवायला काही जोर लागत नाही, म्हणून तिच्यावर पाण्याचा परिणाम जवळपास होत नाही. दोन्ही वेग एकत्र वाचले की आत काय भरलंय याचा अंदाज बांधता येतो.

तत्त्व खणखणीत आहे. अडचण हिशेबात आहे. मोजलेले आकडे तीन. शोधायच्या गोष्टी त्याहून जास्त: पोकळी किती टक्के, पोकळीचा आकार कसा, त्यात पाण्याचा वाटा किती, आणि मूळ खनिज किती कठीण व किती जड. शाळेत आपण शिकलो की दोन अज्ञातांना दोन समीकरणं लागतात. इथे समीकरणं कमी आणि अज्ञात जास्त. अशा वेळी उत्तर एक येत नाही, उत्तरांचा घोळका येतो. त्या घोळक्याची गर्दी कुठे जास्त ते संगणक सांगतो. पण गर्दी कुठे होणार हे बऱ्याच अंशी आपण सुरुवातीला कोणत्या मर्यादा घातल्या यावर ठरतं.

यात पोकळीच्या आकाराकडे खास लक्ष द्या, कारण पेपर वाचताना नजर नेमकी तिथून घसरते. खडकात कागदासारख्या पातळ भेगा असतील तर थोड्याशा भेगांनीही लहरीचा वेग धाडकन पडतो. गोल भोकं असतील, आपल्याकडच्या जाळीदार दगडात असतात तशी, तर तेवढाच वेग पाडायला बरीच जास्त पोकळी लागते. म्हणजे एकच वेग 'थोड्या पातळ भेगा' असंही सांगू शकतो आणि 'खूप गोल भोकं' असंही. आणि पोकळी किती यावरच तर पाणी किती हे अवलंबून आहे! एक-दोन किलोमीटर खोलीचा तो ग्रहव्यापी समुद्र शेवटी या एका न बघितलेल्या आकारावर तरंगतो आहे.

आता किल्लारीकडे यायला हवं, कारण हाच प्रश्न आपल्या पायाखाली तीस वर्षांपूर्वी विचारला गेला आहे. औशाहून किल्लारी वीस-पंचवीस किलोमीटर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा, पण इथे वाढलेल्या कुणाला त्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. शास्त्रज्ञांपुढे तेव्हा कोडं पडलं. दख्खनचं पठार म्हणजे जुनं, थंड, शांत कवच. इथे एवढा भूकंप आला कुठून?

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या लोकांनी त्या भागात मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण केलं. जमिनीत इलेक्ट्रोड पुरायचे, चुंबकीय कॉइल ठेवायच्या, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात आपसूक होणाऱ्या चढउतारांमुळे जमिनीत किती वीज खेळते ते मोजायचं. त्यातून भूकंपाच्या केंद्राखाली, साधारण ६ ते १० किलोमीटर खोलीवर, वीज चांगली वाहून नेणारा एक पट्टा दिसला. कोरडा खडक वीज वाहून नेत नाही, क्षारयुक्त पाणी नेतं. म्हणून तिथे द्रव असावा आणि त्या द्रवाने खडक कमजोर केला असावा, अशी मांडणी हर्ष गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये केली. पुढे आफ्टरशॉकच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासातही खाली कमी वेगाचा भाग मांडला गेला.

त्या १९९६ च्या पेपरचं शीर्षक बघा. 'लातूर भूकंपाच्या केंद्राखालचे द्रव', आणि पुढे विसर्ग देऊन 'भूभौतिकीय सूचक चिन्हं'. पुरावे म्हटलं नाही, चिन्हं म्हटलं. हातात वेग, वीज, गुरुत्व अशी वेगवेगळी मोजमापं असतानाही. कारण वीज फक्त खारं पाणीच वाहून नेतं असं नाही. ग्रॅफाइटचा पातळ पापुद्रा किंवा सल्फाइड खनिजंही नेतात. मंगळाच्या पेपरकडे विजेचं मोजमाप नाही, तरी शीर्षकात चिन्हं नाहीत, थेट पाणीच आहे. शीर्षकावर मी एवढी अडून का बसले आहे असं वाटेल. पण संदर्भसूचीत जातं ते शीर्षकच. पाच वर्षांनी कुणीतरी प्रस्तावनेत 'मंगळाच्या मध्यकवचात पाणी आहे' असं वाक्य लिहील, पुढे कंसात हे तीन लेखक टाकील, आणि अटी कायमच्या गळून जातील.

किल्लारीला आणखी एक गोष्ट झाली, जी मंगळावर नजीकच्या काळात होणार नाही. तिथे विवर खोदलं. केएलआर-१ नावाचं हे विवर ६१७ मीटर खोल आहे. बोअरच्या भाषेत दोन हजार फुटांच्या थोडं वर. त्यात ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट लागला, मग फक्त ८ मीटर गाळाचा थर, आणि मग तळापर्यंत मूळ पाया. आता मजा अशी की बेसाल्टखाली नेहमीचा ग्रॅनाइटी पाया असणार असं मनात धरणं अगदी साहजिक होतं. निघाला मात्र त्याहून जड, जास्त तापमान-दाबाखाली घडलेला, अॅम्फिबोलाइट आणि ग्रॅन्युलाइट प्रकारचा खडक. असा खडक सहसा कवचाच्या मधल्या भागात असतो. तो साडेतीनशे मीटरवर मिळाला याचा अर्थ त्याच्यावरचं कित्येक किलोमीटर कवच लाव्हा येण्याआधीच झिजून गेलं होतं. शिवाय त्या खडकावर खोलातून आलेल्या द्रवांनी रासायनिक फेरफार केल्याच्या खुणाही मिळाल्या. त्या गाभ्याच्या तुकड्यांवर प्रयोगशाळेत लहरींचे वेग मोजले गेले आणि खालच्या रचनेचा विचार नव्याने करावा लागला.

यातून मंगळाच्या पेपरला विचारायचे दोन प्रश्न निघतात.

पहिला, मूळ खडक कोणता? वेगावरून पोकळी काढायची तर घट्ट अवस्थेत त्या खडकाचा वेग किती, हे आधी धरावं लागतं. किल्लारीत सर्वेक्षणाची सगळी साधनं, रस्ता, माणसं, मुबलक आफ्टरशॉक हाताशी असून पायाचा खडक खरा कोणता हे विवराने सांगितलं. मंगळावर ११ किलोमीटरखालच्या खडकाबद्दल आपण उल्का आणि पृष्ठभागावरच्या मोजमापांवरून बोलतो. लेखकांनी खनिजांच्या कठीणपणाला एक पल्ला दिला आहे, एकच आकडा धरलेला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तरी तो पल्ला अग्निजन्य खडकाच्या कल्पनेतूनच आलेला आहे.

दुसरा, भेगा भरल्या कशाने? मध्यकवचाच्या मांडणीत भेगेत मुख्यतः पाणी किंवा वायू आहे. आपल्या दख्खनच्या दगडात बघा. लाव्हा थंड होताना राहिलेली वायूची भोकं आज रिकामीही नाहीत आणि पाण्यानेही भरलेली नाहीत. ती जिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झने भरलेली आहेत. पाणी आलं, खनिज ठेवून गेलं. खाणीत, घाटाच्या कापलेल्या कडेला पांढरे-हिरवे ठिपके दिसतात ते हेच. मंगळाच्या भेगांतही एकेकाळी पाणी खेळलं असेल आणि आज तिथे मातीची किंवा क्षारांची खनिजं बसली असतील, तर लहरी मऊ भरणाच्या खडकातून गेल्यासारख्या हळू जातील. या पर्यायाला पेपरमध्ये मिळालेली जागा मला अपुरी वाटते. आणि हा पर्याय काही दूरचा नाही. मंगळाच्या पृष्ठभागावर माती-खनिजं भरपूर आहेत, हे कक्षेतल्या यानांनी आणि रोव्हरांनी दाखवलेलंच आहे.

कोलोरॅडो विद्यापीठाचे ब्रूस जाकोस्की यांनी २०२५ मध्ये त्याच जर्नलमध्ये याच पेपरवर पत्र लिहिलं. त्याचा गाभा असा की इनसाइटच्या मोजमापांमुळे मध्यकवच पाण्याने भरलेलं असणं आवश्यक ठरत नाही. अर्धवट भरलेल्या पोकळ्या, बर्फ, असे इतर पर्यायही त्याच आकड्यांत बसतात. पाणी नाहीच, असं ते म्हणत नाहीत. 'शक्य' आणि 'आवश्यक' या दोन शब्दांत फरक करा, एवढंच म्हणतात. टीकेचं पत्र कसं लिहावं याचा हा नमुना म्हणून मी ज्युनिअर मंडळींना पाठवते. दोन-तीन पानांत काम तमाम, आणि कुणाच्या नावाने शंखही नाही.

तापमानाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, आणि त्यावर चर्चा कमी होते. मंगळाच्या पृष्ठभागावर सरासरी उणे साठ अंशांच्या आसपास थंडी. पाणी द्रव राहायचं तर खोल जावं लागतं, जिथे आतली उष्णता पुरेशी आहे. किती खोल? ते ठरतं उष्णता किती वेगाने वर येते त्यावर. इनसाइटबरोबर हेच मोजायला एक उष्णतामापक पाठवला होता. स्वतःला ठोकत जमिनीत पाच मीटर शिरणारा, चाळीस सेंटीमीटर लांबीचा खिळा म्हणा. तिथली माती त्याला पकडच देईना. जवळपास दोन वर्षं नाना खटपटी करून तो जेमतेम स्वतःच्या लांबीइतका गाडला गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रयत्न सोडून दिले. म्हणजे ज्या जागेखाली अकरा किलोमीटरवर पाणी द्रवरूप असेल इतकी ऊब आहे असं आपण म्हणतो, त्या जागेची उष्णता मोजायचं काम पाच मीटरवरही होऊ शकलं नाही. ती मॉडेलमधून येते. मॉडेल चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही. पण तर्काच्या साखळीतली ही कडी मोजलेली नाही, मानलेली आहे, आणि कोणत्याही पेपरमध्ये अशा कड्यांखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय लावून घ्या. किल्लारीच्या विवरात उष्णता मोजता आली होती. ती जुन्या थंड कवचाला शोभेल इतकी कमीच निघाली.

आता याच यंत्राच्या नोंदींवरचे आणखी दोन पेपर शेजारी ठेवते. २०२१ मध्ये मांगा आणि राइट यांनीच लिहिलं होतं की इनसाइटखालच्या वरच्या कवचात बर्फाने बंद केलेला पाण्याचा साठा दिसत नाही. तिथला वेग बर्फ भरलेल्या खडकाच्या मानाने फारच कमी आहे. म्हणजे वर कोरडं, खाली ओलं, असं त्यांचं एकूण चित्र. २०२५ मध्ये चीनचे वैज्या सुन, ऑस्ट्रेलियातले र्वोये ट्काल्चिच आणि सहकाऱ्यांनी दोन उल्कापातांच्या आणि त्या ४.७ च्या कंपाच्या नोंदी नव्याने वाचल्या. त्यांना ५.४ ते ८ किलोमीटर खोलीवर कमी वेगाचा थर दिसला, आणि त्यांनीही तिथे द्रवरूप पाणी असल्याचं मांडलं. यंत्र तेच, जागा तीच, पाण्याचा मजला मात्र वेगळा. एक गट ज्या खोलीला कोरडं म्हणतो त्याच सुमाराला दुसरा ओलं म्हणतो. दोन्ही पेपर 'मंगळावर पाणी' या एकाच यादीत टाकून एकमेकांचा पुरावा म्हणून वापरले जातात. ते एकमेकांना आधार देतात की एकमेकांच्या पायावर पाय देतात, हे थिसिसच्या दुसऱ्या प्रकरणात लिहायला छान जागा आहे. कुणीतरी लिहा.

आपल्याकडचा पाणाड्या आठवतो. बोअर कोरडा गेला तर तो म्हणतो, दोन हात बाजूला घ्यायला हवा होता; पाणी आहेच. त्याचा दावा कधी खोटा ठरत नाही, कारण कोणत्या निकालाने तो खोटा ठरेल हे त्याने आधी सांगितलेलंच नसतं. राइट यांचा पेपर तसा नाही, हे मुद्दाम सांगते. कोणती मोजमापं बदलली तर निष्कर्ष बदलेल हे त्यांच्या मांडणीतून काढता येतं. म्हणून तर टीका करता येते.

पण एका जागेवरून सगळ्या ग्रहावर उडी मारणं मला पटत नाही. औशाच्या चौकात एक भूकंपमापक ठेवला आणि त्याखाली काय आहे ते अगदी अचूक काढलं, असं समजा. काळा पाषाण, मग पाया. आता तेच चित्र देगलूरला लावा. सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. देगलूर-बिलोली भागात काळ्या पाषाणाचं पांघरूण संपतं आणि ग्रॅनाइट, नाइस उघडे पडतात. शेतातल्या गोल गुळगुळीत शिळा बसमधूनही दिसतात. उलट्या दिशेला कोयनेला जा. तिथे ३ किलोमीटर खोल प्रायोगिक विवर खोदलं, तर बेसाल्टच सव्वा किलोमीटर निघाला, आणि किल्लारीला मिळालेला गाळाचा थर तिथे नाहीच. एका राज्यात ही तऱ्हा. मंगळाचा उत्तर भाग सखल आणि दक्षिण भाग उंच, दोघांचं कवच वेगळ्या जाडीचं, हे तर शाळेच्या पुस्तकात यावं इतकं जुनं ज्ञान आहे. एका ठिकाणावरून पूर्ण ग्रहाचा पाण्याचा साठा काढणं हा अंदाज म्हणून ठीक आहे, पण तो सारांशात जाण्याच्या लायकीचा नव्हता. बातमीत गेला तो नेमका तोच आकडा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूर जिल्ह्यात 'महासागर' हा शब्द कसा वाचला जातो, हे कॅलिफोर्नियात कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. पण अकरा किलोमीटर म्हणजे काय हे त्यांना माहीत आहे. पृथ्वीवर माणसाने खोदलेलं सगळ्यात खोल विवर, रशियातलं कोला, १२.२ किलोमीटरवर थांबलं. मंगळावरचं हे कथित पाणी तिथून सुरू होतं.

न तपासलेली जमीन एका रंगात रंगवण्याची किंमत आपण मोजली आहे. १९९३ मध्ये लागू असलेल्या भूकंपविषयक मानकाच्या नकाशावर किल्लारी क्षेत्र एकमध्ये होतं, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या गटात. मोठ्या भूकंपाची नोंद नाही, म्हणून धोका नाही. नोंद नसणं आणि घटना नसणं या दोन गोष्टी एक मानल्या गेल्या. १९९२ मध्ये तिथे लहान धक्के जाणवलेही होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी घरं बांधणाऱ्याने तो नकाशा बघितला नव्हता हे खरं, पण बांधकामाचे नियम, शाळा, दवाखाने ज्यांच्या हातात होते त्यांनी बघितला होता. २००२ मध्ये मानक सुधारलं तेव्हा क्षेत्र एक रद्दच झालं आणि किल्लारीचा भाग क्षेत्र तीनमध्ये गेला. मंगळावर चुकीच्या अनुमानाने कुणाच्या अंगावर भिंत पडणार नाही. पण पद्धत तीच, आणि ती शिकवणाऱ्या वर्गातून उद्या कुणी मंगळावर काम करणार, कुणी लातूरच्या जमिनीवर.

रडारबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वेगळं लिहायचं आहे. २०१८ मध्ये मार्स एक्सप्रेसच्या मार्सिस रडारने दक्षिण ध्रुवाजवळ, दीड किलोमीटर बर्फाखाली, वीस किलोमीटर रुंदीची चकाकणारी जागा दाखवली आणि तिला द्रव पाण्याचं तळं म्हटलं गेलं. पुढच्या चारेक वर्षांत तशीच चकाकी माती-खनिजांनी, बर्फाच्या थरांतल्या परावर्तनाने, इतकंच काय, बर्फाखाली साध्या ज्वालामुखी खडकाने येऊ शकते असे पेपर आले. वाद अजून मिटलेला नाही. याउलट, डिसेंबर २०२१ मध्ये एक उल्का अॅमेझॉनिस भागात आदळली, दीडशे मीटर रुंद खड्डा पडला, आणि कक्षेतल्या कॅमेऱ्यात खड्ड्याच्या काठावर उसळलेले बर्फाचे गोळे दिसले. इथे मॉडेल नाही. फुकटात मिळालेला बोअरच म्हणायचा. 'सापडलं' हा शब्द त्या बर्फाला वापरा.

मग मध्यकवचाचा निकाल लागायचा कसा? माझ्या मते पहिली गरज दुसऱ्या भूकंपमापकाची, इनसाइटपासून लांब, शक्यतो दक्षिणेच्या उंच प्रदेशात. तिथेही तोच थर त्याच वेगाने दिसला तर एका जागेचा आक्षेप मी मागे घेईन. दुसरी गरज किल्लारीला केलं तशा विजेच्या मोजमापाची. भेगेतल्या खाऱ्या पाण्याला वीज ओळखते, वायूला आणि बर्फाला ती वेगळं काढते, आणि लहरींच्या वेगाशी जोडून वाचली तर अज्ञातांपैकी एक तरी कमी होतो. हे स्वप्नरंजन नाही. मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट हे यान चंद्रावर उतरलं, त्यावर मॅग्नेटोटेल्युरिक उपकरण होतं. त्याने यानापासून लांब इलेक्ट्रोड फेकले, उंच दांड्यावर चुंबकमापक वर काढला, आणि चंद्राच्या पोटातली वीज मोजायला सुरुवात केली. म्हणजे उपकरण पृथ्वीबाहेर चालतं. मंगळाकडे असं काही जाईपर्यंत राइट, मॉर्झफेल्ड आणि मांगा यांचा पेपर तुमच्या फाइलमध्ये ठेवा, शेजारी जाकोस्कींचं पत्र पिन करा, आणि शीर्षकाच्या शेवटी पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढा.